स्वतःचा कंट्रोलर आणि सोसायटीची पाण्याची टाकी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रत्येक नव्या ग्राहकासाठी तुम्हाला कुबरनेटीसवर (अनेक सर्व्हरच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, प्रोग्रॅम चालवणारी प्रणाली) एक नेमस्पेस (वेगळा कप्पा), दोन-तीन डिप्लॉयमेंट (चालते ठेवायचे प्रोग्रॅम), काही सीक्रेट (पासवर्डसारख्या गुप्त नोंदी) आणि क्लाउडवर एक पोस्टग्रेस डेटाबेस उभा करावा लागतो. आज हे काम एक शेल स्क्रिप्ट करते. ती मध्येच अडकली की अर्धवट राहिलेलं कोणीतरी हाताने निस्तरतं. तर यासाठी स्वतःचा कंट्रोलर, म्हणजे हवी ती स्थिती आणि प्रत्यक्ष स्थिती सतत जुळवत राहणारा प्रोग्रॅम, लिहावा का, आणि लिहिला तर चालवताना काय सांभाळावं?

लिहा. तुमचं काम त्याला साजेसं आहे. डेटाबेस क्लस्टरच्या बाहेर राहतो आणि ग्राहक आला म्हणजे काम संपलं असं होत नाही. पासवर्ड बदलणं, आवृत्ती वाढवणं, एक दिवस सगळं आवरून घेणं हे वर्षानुवर्षं चालतं. नुसत्या चार यामल (कॉन्फिगरेशनच्या) फाइल एकदा लावायच्या असत्या, तर हेल्म हे पॅकेज लावायचं साधन पुरे झालं असतं आणि मी तुम्हाला या फंदात पडू नका असंच सांगितलं असतं. क्लाउडशी बोलायचा भाग लिहिण्याआधी क्रॉसप्लेन (क्लाउडवरच्या गोष्टी कुबरनेटीसमधून बनवणारं तयार साधन) मात्र जरूर बघा. तुमच्या कंट्रोलरने फक्त क्रॉसप्लेनची एक वस्तू (कुबरनेटीसमधली एक नोंद) बनवायची आणि डेटाबेसचं त्याच्यावर सोडायचं, असं जमलं तर बरीच डोकेदुखी वाचते. पुढे मी तुम्ही क्लाउडशी स्वतःच बोलणार असं धरून चालतो, कारण माझ्या पाहण्यातले बहुतेक जण शेवटी तेच करतात.

अशा कंट्रोलरसाठी 'ऑपरेटर' हा शब्द कोअरओएस या कंपनीने नोव्हेंबर 2016 मध्ये रूढ केला, एटसीडी (डेटा साठवणारी प्रणाली) आणि प्रोमिथिअस (देखरेखीची प्रणाली) यांच्या ऑपरेटरसोबत. ज्या माणसाला रात्री फोन जातो त्याच्या डोक्यातलं ज्ञान कोडमध्ये उतरवायचं, एवढीच त्यामागची कल्पना. त्यामुळे पहिलं काम गो भाषेची एक ओळही लिहिण्याआधीचं आहे. तुमची स्क्रिप्ट अडकल्यावर जो निस्तरतो त्याच्याशेजारी एक दिवस बसा. तो लॉग वाचून स्क्रिप्ट कुठे थांबली हे फार वेळ शोधत नाही. नेमस्पेस आहे का बघतो, डेटाबेस आहे का बघतो, सीक्रेटमधला पासवर्ड चालतो का बघतो, आणि जे नाही तेवढं करतो. तुमचा कंट्रोलर म्हणजे हा माणूस.

आमच्या सोसायटीत टाकी भरायचं काम वॉचमनकाकांकडे आहे. आधीचे वॉचमन फोनवर विसंबून असत. वरच्या मजल्यावरून कोणी "पाणी गेलं" म्हणून कळवलं की पंप चालू. ते चहाला गेले असले आणि फोन चुकला, की टाकी कोरडी. आत्ताचे काका फोन आला तरी आधी गच्चीवर जाऊन पातळी बघतात, मग पंपाचं ठरवतात. दहा फोन आले तरी चक्कर एकच. आणि एकही फोन आला नाही तरी तासाभराने एक फेरी असतेच. या पद्धतीला 'लेव्हल-ट्रिगर्ड' म्हणतात, आणि टाकीच्या बाबतीत तो शब्द अगदी शब्दशः लागू पडतो.

कंट्रोलरच्या आतली यंत्रणा याच काकांसाठी बांधलेली आहे. इन्फॉर्मर हा भाग एपीआय सर्व्हरकडून (कुबरनेटीसशी बोलायचं मुख्य दार) आधी पूर्ण यादी घेतो, मग वॉच लावून बदल ऐकत बसतो आणि सगळं स्वतःच्या मेमरीतल्या कॅशमध्ये ठेवतो. बदल झाला की वर्कक्यूमध्ये (कामांच्या रांगेत) फक्त नेमस्पेस आणि नाव टाकलं जातं. वस्तू नवी आली, बदलली की गेली, हे त्यात नसतं. पातळी बघून फरक भरून काढणाऱ्या रिकन्साइल फंक्शनला हे मुद्दामच कळू दिलेलं नाही. तरीही नवा माणूस आला की त्याच्या कोडमध्ये 'नवी असेल तर हे करा, बदलली असेल तर ते करा' अशा फांद्या दिसतातच. त्या छाटा. एकच नाव क्यूमध्ये दहादा पडलं तरी ते एकदाच बाहेर येतं, आणि एका नावावर एका वेळी एकच वर्कर काम करतो. ही दोन आश्वासनं फुकट मिळतात, ती घ्या. कोडच्या सांगाड्यासाठी क्यूबबिल्डर हे साधन वापरा. इन्फॉर्मर हाताने जोडणं शिकायला छान आहे, पण ते रविवारी करा.

काकांच्या तासाभराच्या फेरीबद्दल एक गैरसमज नेहमी आढळतो, की ती आपोआप होते. कंट्रोलर-रनटाइममध्ये (क्यूबबिल्डरच्या सांगाड्याखालची लायब्ररी) रीसिंक मुळात 10 तासांनी होतो, आणि तेव्हाही तो कॅशमध्ये जे आहे तेच पुन्हा क्यूमध्ये टाकतो. क्लाउडच्या कन्सोलवरून कोणी डेटाबेसची सेटिंग बदलली, तर त्याचा फोन तुम्हाला कधीच येणार नाही. ती फेरी तुम्हालाच लिहायची आहे. रिकन्साइल यशस्वी झालं तरी शेवटी 'मला 15 मिनिटांनी पुन्हा बोलव' असं सांगून बाहेर पडा, आणि त्या 15 मध्ये थोडा कमीजास्तपणा ठेवा. नाहीतर सगळे ग्राहक एकाच क्षणी क्लाउडच्या दारात रांग लावतात.

डेटाबेस तयार व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ रिकन्साइलच्या आत थांबून राहू नका. एका वेळी किती वर्कर चालतील याचा मूळ आकडा 1 आहे. म्हणजे एका ग्राहकाचा डेटाबेस उभा राहीपर्यंत बाकी सगळे खोळंबतील. सुरू करा, स्टेटसमध्ये (वस्तूच्या 'सध्या काय आहे' या भागात) नोंद करा, 30 सेकंदांनी परत या. आणि 'अजून तयार नाही' याला एरर म्हणू नका. एरर परत केली की क्यू वाट बघण्याचा काळ दरवेळी दुप्पट करत जाते, 5 मिलिसेकंदांपासून 1000 सेकंदांपर्यंत. 18-एक वेळा अपयश आलं की पुढचा प्रयत्न जवळपास 17 मिनिटांनी होतो. मग डेटाबेस तयार असतो, ग्राहक ताटकळलेला असतो, आणि टीममधला कोणीतरी "कंट्रोलर हँग झालाय" म्हणत त्याचा पॉड (चालणारी प्रत) रीस्टार्ट करतो. रीस्टार्टने क्यूची ही आठवण पुसली जाते, सगळं सुरळीत होतं आणि त्याचा समज पक्का होतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. मी क्लाउडवर डेटाबेस बनवायचो, मिळालेला आयडी स्टेटसमध्ये लिहायचो, आणि पुढच्या वेळी स्टेटस रिकामा दिसला तर नवा बनवायचो. महिनाभर छान चाललं. मग एका ग्राहकाला दोन डेटाबेस मिळाले. स्टेटस लिहिला होता, पण रिकन्साइल वाचतो कॅशमधून, आणि तो बदल वॉचमधून कॅशपर्यंत पोहोचायच्या आत पुढची फेरी सुरू झाली होती. कॅश म्हणजे कालचं वर्तमानपत्र. बातम्या खऱ्या असतात, पण कालच्या. त्यानंतर मी बाहेरच्या कुठल्याही वस्तूचं नाव आधी ठरवतो आणि मग ती बनवतो. कस्टम वस्तूच्या (ग्राहकासाठी आपणच ठरवलेल्या प्रकारच्या वस्तूच्या) युआयडीवरून, म्हणजे कुबरनेटीसने दिलेल्या एकमेव ओळखक्रमांकावरून, नाव काढलं की ते प्रत्येक वेळी तेच येतं, दुसऱ्यांदा बनवायला गेलो तर क्लाउडच 'हे आहे' म्हणून परत पाठवतो, आणि तो नकार म्हणजे माझ्यासाठी यशच. कंट्रोलर डेटाबेस बनवून स्टेटस लिहिण्याआधी मेला तरी काही हरवत नाही. स्टेटसवर निर्णय टांगू नका. तो पुसला गेला तरी जगाकडे बघून परत लिहिता आला पाहिजे.

स्टेटसच्या बाबतीत आणखी एक हमखास खड्डा आहे. 'शेवटची तपासणी केव्हा झाली' अशी वेळ त्यात लिहायची हौस सगळ्यांना असते. वेळ लिहिली की वस्तू बदलते, बदलली की वॉच वाजतो, वाजला की रिकन्साइल होतो, तो पुन्हा वेळ लिहितो. ये रे माझ्या मागल्या. जनरेशन (स्पेक, म्हणजे 'काय हवं आहे' हा भाग, बदलला की वाढणारा क्रमांक) बदलली तरच जागं व्हायचं असा प्रेडिकेट (चाळणी) लावला की हे थांबतं, कारण स्टेटस सबरिसोर्स (स्टेटस वेगळा लिहायची सोय) चालू असेल तर जनरेशन स्टेटसच्या बदलाने वाढत नाही. पण मग लेबल आणि अॅनोटेशन या वस्तूवरच्या चिठ्ठ्यांचे बदलही कानावर येत नाहीत, हे लक्षात ठेवा. वेळ मेट्रिकमध्ये द्या, स्टेटसमध्ये नको. स्टेटसमध्ये 'ऑब्झर्व्हडजनरेशन' (कंट्रोलरने शेवटची पाहिलेली जनरेशन) मात्र हवंच, म्हणजे दिसणारा 'रेडी' आत्ताच्या स्पेकबद्दल आहे की गेल्या आठवड्यातल्या, हे वाचणाऱ्याला कळतं.

याच जातीचं भांडण डिप्लॉयमेंटशी होतं. तुम्ही हवा तसा डिप्लॉयमेंट मेमरीत बांधता आणि क्लस्टरमधल्याशी तंतोतंत ताडून बघता. एपीआय सर्व्हरने त्यात स्वतःची डिफॉल्ट मूल्यं भरलेली असतात, त्यामुळे दोन्ही कधीच जुळत नाहीत आणि तुम्ही जन्मभर अपडेट करत बसता. त्यात कोणी ऑटोस्केलर (भारानुसार प्रती कमीजास्त करणारं साधन) लावला तर तो रेप्लिका (प्रती) 5 करतो, तुम्ही 2 करता, तो पुन्हा 5. कुबरनेटीसच्या आवृत्ती 1.22 पासून स्थिर झालेलं सर्व्हर-साइड अप्लाय यासाठीच आहे. जी फील्ड तुमची, तेवढीच पाठवायची. रेप्लिकांचा आकडा ऑटोस्केलरचा असेल तर तो तुमच्या यामलमध्ये असताच कामा नये.

आता खरा अवघड भाग, तो म्हणजे वस्तू काढून टाकणं. बनवण्याचा कोड सगळे हौसेने लिहितात, डिलीटचा कोड शुक्रवारी संध्याकाळी लिहिला जातो.

क्लस्टरच्या आतलं आवरणं सोपं आहे. तुमची 'टेनंट' (एका ग्राहकाची कस्टम वस्तू) ही कस्टम रिसोर्स क्लस्टर-स्कोप्ड, म्हणजे कुठल्याही नेमस्पेसच्या बाहेर, ठेवा आणि ग्राहकाच्या नेमस्पेसवर तिचा ओनर रेफरन्स (मालकाची नोंद) लावा. टेनंट गेला की नेमस्पेस जाते, नेमस्पेसबरोबर आतलं सगळं. एका नेमस्पेसमधल्या वस्तूला दुसऱ्या नेमस्पेसमधली मालक म्हणून लावायला बंदी आहे, आणि टेनंट एखाद्या 'अॅडमिन' नेमस्पेसमध्ये ठेवून सुरुवात करणारे नेमके तिथेच अडकतात.

बाहेरच्या डेटाबेससाठी फायनलायझर लागतो. वस्तूवर फायनलायझर असेपर्यंत एपीआय सर्व्हर ती पुसत नाही, फक्त डिलीशनची वेळ लावून ठेवतो. तुम्ही बाहेरचं आवरायचं आणि मग फायनलायझर काढायचा. क्रम पाळा: आधी फायनलायझर लावून तो लिहिला गेल्याची खात्री, मग डेटाबेस. उलट केलंत तर मधल्या फटीत कोणी टेनंट काढला की डेटाबेस अनाथ होतो आणि बिल चालू राहतं.

आणि ती डिलीशनची वेळ एकदा लागली की परत काढता येत नाही. हे आम्ही एका जुन्या नोकरीत भारी किंमत देऊन शिकलो. सीआरडी (टेनंट या प्रकाराची व्याख्या) हेल्म चार्टच्या (पॅकेजच्या) टेम्प्लेट्समध्येच ठेवली होती. एका सहकाऱ्याने टेस्टिंग क्लस्टरवर कंट्रोलरचं काहीतरी बिघडलं म्हणून चार्ट अनइन्स्टॉल केला. हेल्मने आधी कंट्रोलरचा डिप्लॉयमेंट काढला, नंतर सीआरडी. सीआरडी काढणं म्हणजे तिच्या सगळ्या वस्तू काढणं. प्रत्येक टेनंटवर डिलीशनची वेळ लागली, पण फायनलायझर सोडवायला कंट्रोलरच नव्हता, त्यामुळे सगळं 'टर्मिनेटिंग'मध्ये लटकलं. वरून बघणाऱ्याला काहीच झालेलं दिसत नव्हतं, डेटाबेस जिवंत होते. म्हणून त्याने चार्ट परत लावला. कंट्रोलर उठला, त्याने पातळी बघितली, 21 टेनंट काढायचे आहेत असं त्याला दिसलं, आणि त्याने इमानेइतबारे 21 डेटाबेस काढले. कंट्रोलरच्या कोडमध्ये एकही बग नव्हता. टेस्टिंगचे होते म्हणून निभावलं.

तेव्हापासून माझे नियम कडक आहेत. सीआरडी वेगळ्या चार्टमध्ये किंवा चार्टच्या 'सीआरडीज' फोल्डरमध्ये ठेवायची. तिथली सीआरडी हेल्म काढत नाही (अपग्रेडही करत नाही, ते हाताने करावं लागतं, पण मला तो सौदा मान्य आहे). टेनंटच्या स्पेकमध्ये 'काढल्यावर डेटाबेसचं काय' हे फील्ड ठेवायचं आणि त्याचं डिफॉल्ट 'राहू दे' असायचं. क्लाउडचं डिलीट प्रोटेक्शन चालू ठेवायचं आणि ते बंद करायचा अधिकार कंट्रोलरच्या खात्याला द्यायचाच नाही. अनाथ डेटाबेसचं बिल महिन्याला दिसतं आणि तो डेटाबेस परत जोडूनही घेता येतो. पुसलेल्या डेटाबेसचं तसं नाही.

चालवण्याकडे येतो. कंट्रोलरच्या दोन प्रती ठेवा, पण दोघी मिळून काम वाटून घेतील असं समजू नका. लीडर इलेक्शनमध्ये एकीच्या हाती लीज (काम करायचा मुदतीचा हक्क) असते, दुसरी नुसती बसून असते. मूळ आकडे 15, 10 आणि 2 सेकंदांचे आहेत: लीजची मुदत 15, नूतनीकरणाचा प्रयत्न 10 पर्यंत, दर 2 सेकंदांनी एकदा. 10 सेकंदांत नूतनीकरण झालं नाही तर लीडर स्वतःहून बाहेर पडतो. त्यामुळे एपीआय सर्व्हर सुस्त झाला की कंट्रोलर रीस्टार्ट होताना दिसतो आणि लोक कंट्रोलरमध्ये बग शोधत बसतात. शिवाय लीज म्हणजे कुलूप नव्हे. जुन्या लीडरने पाठवलेली क्लाउडची विनंती वाटेत असतानाच नवा लीडर कामाला लागू शकतो. तुमची बाहेरची कामं दोनदा झाली तरी चालतील अशीच हवीत, आणि आधी ठरवलेलं नाव इथेही उपयोगी पडतं.

मेमरीचा एक किस्सा जवळपास प्रत्येक टीममध्ये घडतो. तुम्ही कोडमध्ये एक सीक्रेट वाचता, साधी एक ओळ. कंट्रोलर-रनटाइमचा क्लायंट कॅशमधून वाचतो, म्हणून तो मागच्या मागे अख्ख्या क्लस्टरमधल्या सीक्रेटवर इन्फॉर्मर लावतो आणि सगळी मेमरीत ओढतो. हेल्म 3 प्रत्येक रिलीजच्या आवृत्त्या सीक्रेटमध्येच साठवतं, आणि त्या चांगल्या गलेलठ्ठ असतात. क्यूबबिल्डरच्या सांगाड्यात मेमरीची मर्यादा 128 एमआय (मेबीबाइट) असते. तुमच्या लॅपटॉपवर चाललेला कंट्रोलर प्रॉडक्शनमध्ये उठताक्षणी ओओएम होऊन (मेमरी संपून) मरतो, तो असा. कॅशला लेबलची चाळणी लावा, किंवा सीक्रेटसाठी कॅश बंदच करा. याचा दुसरा फायदा अधिकारांचा. कॅशसाठी अख्ख्या क्लस्टरची सीक्रेट वाचायची परवानगी द्यावी लागते, आणि सुरक्षेच्या टीमने त्यावर बोट ठेवलं तर त्यांचं बरोबर आहे.

वेबहुक (वस्तू बदलण्याआधी एपीआय सर्व्हर ज्याची परवानगी विचारतो तो तुमचा प्रोग्रॅम) शक्यतो लिहू नका. सीआरडीच्या स्कीमात थेट नियम लिहिण्याची सोय आवृत्ती 1.29 मध्ये स्थिर झाली आहे, आणि 'डेटाबेसचा आकार कमी करता येणार नाही' यासारख्या अटी तिथेच बसतात. वेबहुक बंद पडला आणि त्याचं धोरण 'फेल' असलं की तुमच्या वस्तू कोणालाच बदलता येत नाहीत. त्यात तो पॉडवर लावलेला असेल तर त्याचा स्वतःचा पॉडही उठत नाही. असा क्लस्टर रात्री अडीच वाजता सोडवायचा योग तुम्हाला न येवो.

टेस्टसाठी एन्व्हटेस्ट हे साधन चांगलं आहे, पण त्यात खरा एपीआय सर्व्हर आणि एटसीडी एवढंच असतं. कुबरनेटीसचे स्वतःचे कंट्रोलर चालवणारा कंट्रोलर मॅनेजर नसतो, त्यामुळे ओनर रेफरन्सवरून होणारी साफसफाई तिथे होत नाही आणि डिप्लॉयमेंटमधून पॉड निघत नाहीत. 'टेनंट काढला, नेमस्पेस गेली का' ही टेस्ट तिथे कायम लाल राहील; ती काइंडच्या (लॅपटॉपवरही उभा राहणाऱ्या पूर्ण) क्लस्टरवर चालवा. माझी आवडती टेस्ट मात्र वेगळी आहे. बाहेरच्या प्रत्येक कॉलनंतर एकेक करून कंट्रोलर मुद्दाम मारायचा आणि परत उठल्यावर शेवट तोच येतो का बघायचं. सात कॉल असतील तर सात वेळा. यात जेवढे बग सापडले तेवढे मला युनिट टेस्टमध्ये कधी सापडले नाहीत.

अलर्ट एकच ठेवायचा असेल तर 'किती टेनंट 20 मिनिटांहून जास्त काळ रेडी नाहीत' याचा ठेवा, आणि ते मेट्रिक स्वतः बनवा. क्यूची लांबी आणि एररचा आकडा डॅशबोर्डवर असू द्या, पण त्यांनी कोणाला झोपेतून उठवू नये. रीस्टार्टनंतर प्रत्येक वस्तू एकदा क्यूमध्ये पडतेच, त्यामुळे लांबी उसळणं हे रोजचंच. तीनशे ग्राहक असतील तर त्या क्षणी क्लाउडकडे तीनशे विचारणा जातात. क्लाउडच्या मर्यादेत बसेल असा वेगनियंत्रक क्लायंटमध्येच लावा.

आणि एक 'थांब' बटण पहिल्या दिवसापासून हवं. टेनंटवर एक ठरावीक अॅनोटेशन दिसलं की रिकन्साइलने काहीही न करता परत फिरायचं. हाताने दुरुस्ती चालू असताना कंट्रोलर मागून येऊन ती उलटवत असला की माणूस वैतागून त्याच्या रेप्लिका शून्यावर आणतो, आणि मग त्या परत एक करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

हे बटण तुम्हाला लगेचच लागणार आहे, कारण तुमचे आत्ताचे ग्राहक स्क्रिप्टने उभे केलेले आहेत. त्यांच्या डेटाबेसची नावं युआयडीवरून आलेली नाहीत. त्यांच्यासाठी टेनंट तयार केलेत की कंट्रोलरला डेटाबेस सापडणार नाही आणि तो प्रत्येकासाठी नवा कोरा बनवून सीक्रेट त्याच्याकडे वळवेल. म्हणून स्पेकमध्ये 'आधीपासून असलेल्या डेटाबेसचं नाव' असं एक ऐच्छिक फील्ड ठेवा. जुने टेनंट आधी थांबवलेल्या अवस्थेत तयार करा, आणि कंट्रोलर काय बदलणार आहे हे नुसतं लॉगमध्ये छापून बघा. लॉग रिकामा आला की त्या एका ग्राहकाचं अॅनोटेशन काढा. दोन दिवस थांबा, मग पुढचा.